पानावरचा पांढरा ठिपका

डिसेंबर २०२१ मधील एक सकाळ. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर बिन्ना बर्रा नावाचे एक वनविश्रामस्थान आहे. तेथील तंबूंच्या तळावरून एक तरुण कीटक-अभ्यासक चालला होता. जेम्स ट्वीड हे त्याचे नाव. क्वीन्सलंड विद्यापीठात संशोधन करणारा विद्यार्थी. वाटेत लोमान्ड्राचे एक झुडूप होते. लोमान्ड्रा म्हणजे गवतासारख्या लांब, पट्टीदार पानांची वनस्पती. त्यातील एका पानावर काहीतरी पांढरे पडलेले त्याला दिसले. ‘पक्ष्याची विष्ठा असेल,’ हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. असा विचार मनात आल्यानंतर माणसाने पुढे निघून जावे, हेच स्वाभाविक. ट्वीड मात्र परतून पानाशी वाकला. तो ठिपका जिवंत होता. त्याला सहा पाय होते, दोन लांबलचक शिंगे होती आणि सर्वांगावर शुभ्र, उभे, लांब केस होते.

त्या क्षणी पानावर बसलेला तो जीव विज्ञानाला सर्वस्वी अपरिचित होता. त्याला नाव नव्हते. इतकेच नव्हे, तर ज्या गटात त्याला बसवावे असा गटही तोवर कोणी आखलेला नव्हता. पुढे २०२४ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी’ या संशोधनपत्रिकेत ट्वीड, लॉरेन अ‍ॅशमन आणि अ‍ॅडम श्लिपिन्स्की या तिघांनी त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे नामकरण झाले : एक्सकास्ट्रा अल्बोपिलोसा. पान ते नाव हा सव्वादोन वर्षांचा प्रवास होता आणि तो जवळजवळ संपूर्णपणे एकाच आधारावर झाला. तो आधार म्हणजे जेमतेम ९.७ मिलिमीटर लांबीचे एक शरीर. रुपयाच्या नाण्यावर ठेवले तर त्याची अर्धी रुंदीही ते व्यापणार नाही.

लॅमिंग्टन हे नाव मुंबईकर वाचकांच्या कानांना परके वाटणार नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ या काळात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते आणि त्यानंतर १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा. त्याचे अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी विजेच्या उपकरणांचे सुटे भाग आणायला निघालेला मनुष्य आजही ‘लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो’ असेच म्हणतो. त्याच गृहस्थांच्या नावाचे हे अरण्य १९१५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. जागतिक वारसा लाभलेल्या ज्या वर्षावनांचा ते भाग आहे, त्यांना ‘गोंडवाना वर्षावने’ म्हणतात. हा शब्दही आपल्याकडचाच. भूशास्त्रज्ञांनी तो मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून उचलला आणि एका प्राचीन महाखंडाला बहाल केला. इतके नात्याचे धागे सांगून झाल्यावर आता त्या अरण्यातील आपल्या छोट्या नायकाकडे वळावयास हरकत नाही.

कीटकांच्या जगात ढालपंखी गण हा सर्वांत संपन्न. पुढचे दोन पंख कठीण होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात, म्हणून हे नाव. या गणात लांबशिंगी भुंगेऱ्यांचे एक मोठे कुल आहे. त्यातील सुमारे ३६,००० जातींची नोंद आजवर झाली आहे. या कुलाचे शास्त्रीय नाव ‘सेरॅम्बिसिडी’. त्यामागे एक ग्रीक पुराणकथा आहे. सेरॅम्बस नावाचा मेंढपाळ उत्तम वादक होता, पण गर्विष्ठ होता. त्याने वनदेवतांचा उपमर्द केला आणि त्यांनी त्याला लाकूड कुरतडणारा कीटक करून टाकले. त्या कीटकाच्या शिंगांत ग्रीक लोकांना तंतुवाद्याचा आकार दिसे. शापातसुद्धा वाद्य त्याच्या माथ्यावर राहिले, ही कथेतील गोड गोष्ट.

आपल्याकडील शेतकऱ्याला या कुलाची ओळख पुराणकथेतून नव्हे, तर नुकसानीतून झालेली आहे. कोकणातील आंबा बागायतदार ‘भिरूड’ म्हणून जिला ओळखतो ती कीड म्हणजे याच कुलातील भुंगेऱ्याची अळी. झाडाच्या खोडाला छिद्र दिसते, त्यातून भुसा बाहेर पडू लागतो आणि बागायतदार तार घेऊन छिद्रात आतवर खुपसू लागतो. द्राक्षबागांमधील खोडकिडाही त्याच घराण्यातला. आंब्यावरची भिरूड आणि लॅमिंग्टनचा शुभ्रकेशी भुंगेरा हे दोघेही सेरॅम्बिसिडी कुलातील ‘लॅमिनी’ या एकाच उपकुलाचे सदस्य आहेत. एक उपद्रवी म्हणून प्रसिद्ध, तर दुसरा प्रसिद्धच नव्हता. पण दोघांच्या शरीराची घडण एकाच साच्यातली. म्हणून त्या साच्यापासून सुरुवात करणे सोयीचे.

कोणत्याही कीटकाप्रमाणे या भुंगेऱ्याचे शरीर तीन भागांचे : डोके, वक्ष आणि उदर. हाडांचा सांगाडा आत नाही. तो बाहेर आहे. कायटिन या द्रव्याने बळकट झालेले कठीण आवरण हेच त्याचे हाड, हीच त्याची त्वचा आणि हेच त्याचे चिलखत. स्नायू आतून या आवरणाला चिकटलेले असतात. फुप्फुसे नाहीत, शरीराच्या बाजूंना असलेल्या सूक्ष्म रंध्रांतून हवा आत शिरते आणि बारीक नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोहोचते. हे सर्व एक सेंटिमीटरपेक्षाही कमी लांबीत सामावलेले आहे.

डोक्याची ठेवण हीच या उपकुलाची पहिली खूण. इतर अनेक लांबशिंगी भुंगेऱ्यांचे तोंड पुढे झेपावलेले असते. लॅमिनी उपकुलातील भुंगेऱ्यांचा चेहरा मात्र भिंतीसारखा सरळ उभा आणि सपाट असतो. त्यांचे जबडे खालच्या दिशेने, ज्या पानावर वा सालीवर तो बसला आहे तिच्याकडे रोखलेले असतात. हे जबडे आडवे चालतात, कात्रीच्या पात्यांसारखे. मादीला अंडी घालावयाची असली म्हणजे ती याच जबड्यांनी सालीत चीर पाडते आणि त्या चिरेत अंडे ठेवते. सुतारकामाचे हत्यार आणि बाळंतिणीची खोली यांचा असा संबंध अन्यत्र क्वचितच आढळावा.

आणि मग ती शिंगे. त्यांना शिंगे म्हणणे हा भाषेचा प्रमाद आहे, कारण त्यांचे काम लढण्याचे नसून जाणण्याचे आहे. शास्त्रीय परिभाषेत त्यांना शृंगिका म्हणतात. बहुतेक लांबशिंगी भुंगेऱ्यांची प्रत्येक शृंगिका ११ खंडांची असते. बुडाचा खंड जाड व मजबूत, त्याला लागून असलेला दुसरा अगदी तोकडा आणि त्यापुढे नऊ खंडांची लवचिक काठी. वास, स्पर्श आणि हवेतील सूक्ष्म हालचाल यांची खबर देणारी असंख्य ग्राहके तिच्यावर पसरलेली असतात. मीलनासाठी मादीचा माग काढायचा असो, की अंडी घालण्याजोगे वाळके लाकूड हुडकायचे असो, शृंगिकेवाचून काही चालत नाही. या शृंगिका डोक्यावरील दोन उंचवट्यांवर अशा बसविलेल्या असतात की त्या मागे वळवून पाठीशी समांतर ठेवता येतात. इतर बहुतेक भुंगेऱ्यांना हे साधत नाही. इतकी लांब वस्तू घेऊन फांद्यांच्या गर्दीतून वावरायचे तर तिची घडी घालता आली पाहिजे, हे निसर्गाने जाणले असावे. त्यांच्या स्वच्छतेचीही सोय आहे. उपकुलातील बहुतेक भुंगेऱ्यांच्या पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूस एक तिरकी खाच असते. तीत शृंगिका धरून तो ती ओढून घेतो आणि तिच्यावरची धूळ झटकली जाते.

शृंगिकेच्या बुडाशी पाहिले की या कुलाचे सर्वांत विलक्षण लक्षण सापडते : डोळे. संयुक्त नेत्र म्हणजे शेकडो सूक्ष्म भिंगांचा समूह. तो साधारणतः गोल किंवा लंबगोल असावा अशी आपली कल्पना. लांबशिंगी भुंगेऱ्यांमध्ये मात्र शृंगिकेला जागा करून देता देता डोळ्याला खोलगट खाच पडते आणि तो घेवड्याच्या दाण्यासारखा वाकतो. काही जातींमध्ये ही खाच इतकी खोल जाते की डोळा मधोमध तुटतो. एक तुकडा शृंगिकेच्या वर, एक खाली. म्हणजे दोन डोळ्यांचे जणू चार होतात. एक्सकास्ट्राचे डोळे असेच विभागलेले आहेत. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा कुतूहलाचा विषय, तर वर्गीकरण करणाऱ्याच्या दृष्टीने हा पुरावा. केसांचा रंग उन्हात उडेल, आकारमान खाण्यापिण्यावर बदलेल. डोळा अखंड की दुभंग, ही गोष्ट मात्र पिढ्यान्‌पिढ्या सहसा बदलत नाही.

वक्षाला तीन वलये आणि प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी. पहिले वलय वरून स्पष्ट दिसते. उरलेली दोन पंखांच्या ढालींखाली झाकलेली असतात. या पहिल्या वलयात आणखी एक गंमत दडलेली आहे. त्याची मागची कडा आणि दुसऱ्या वलयावरील बारीक रेघांची पट्टी एकमेकींवर घासून अनेक लांबशिंगी भुंगेरे आवाज काढतात. चिमटीत धरलेला भुंगेरा मान वरखाली करीत ‘चिर्र चिर्र’ करू लागला, की लहान मुले दचकून तो सोडून देतात. पक्ष्यांचेही कदाचित तसेच होत असावे. दुसऱ्या वलयातून पंखांच्या ढाली निघतात, तर तिसऱ्यातून खरे उडण्याचे पंख. हे पातळ पंख ढालीपेक्षा लांब असल्याने आत घडी घालून ठेवावे लागतात. उडताना ढाली उघडून बाजूला धरल्या जातात आणि घडी मोडून पंख बाहेर येतात.

एक्सकास्ट्राच्या पायांचा आकार हेही त्याला जवळच्या नातलगांपासून वेगळे करणाऱ्या लक्षणांपैकी एक ठरले. पायांविषयी बोलताना या कुलातील एक जुनी फसवणूक सांगितलीच पाहिजे. पायाच्या टोकाला जे पाऊल असते, ते लहान लहान खंडांचे बनलेले असते. लांबशिंगी भुंगेऱ्याचे पाऊल मोजले तर चार खंड भरतात. पूर्वीच्या अभ्यासकांनी चारच मोजले आणि त्यावरून गट पाडले. प्रत्यक्षात ते पाच असतात. तिसरा खंड दुभागलेला आणि तळाशी दाट केसांच्या गादीचा असतो. त्याच्या बेचक्यात चौथा खंड इतका लहान होऊन दडलेला असतो, की भिंगाखाली जाणीवपूर्वक शोधल्याशिवाय तो हाती लागत नाही. ताळेबंद जुळूनही एक नोंद नजरेतून सुटलेली असावी, तसा हा प्रकार. गादीच्या केसांमुळे भुंगेऱ्याला गुळगुळीत, उभ्या पानावर घट्ट उभे राहता येते.

आता त्या केसांकडे येऊ, ज्यांच्यामुळे ही सारी कथा घडली. कीटकाचे केस आणि आपले केस यांत नामसाम्याखेरीज फारसे काही समान नाही. आपला केस केराटिनचा, त्वचेतील मुळातून आयुष्यभर वाढणारा. कीटकाचा रोम हा त्याच्या कवचाचाच एक ताणलेला भाग. कवचाखालची एक पेशी रोम घडवते, तिच्या शेजारची दुसरी त्याच्याभोवती बैठक तयार करते आणि पुष्कळदा तेथे चेतातंतूचे टोकही येऊन मिळते. म्हणजे रोम हा अलंकारही असतो आणि स्पर्शेंद्रियही. एकदा घडलेला रोम तुटला तर प्रौढ भुंगेऱ्याला तो पुन्हा उगवत नाही. बहुतेक लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या अंगावर अशा रोमांची आखूड लव असते. तिच्यामुळेच त्यांच्या पाठीवर ठिपके आणि पट्टे उमटतात. एक्सकास्ट्राने मात्र या लवेची परिसीमा गाठली आहे. त्याचे लालकाळे शरीर लांब, शुभ्र, ताठ उभ्या रोमांनी असे वेढलेले आहे की लांबून पाहणाऱ्याला भुंगेरा दिसण्याऐवजी एक पांढरा पुंजका दिसावा.

हे कशासाठी? संशोधकांनी एक तर्क मांडला आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचावा. काही बुरशी कीटकांवर जगतात. त्यांचे बीजाणू कवचावर रुजतात, कवच भेदून आत शिरतात, कीटक मरतो आणि त्याच्या सांध्यासांध्यांतून पांढरे तंतू बाहेर फुटतात. आपल्याकडील शेतकऱ्यांना हे दृश्य ठाऊक आहे. जैविक कीडनाशक म्हणून जी ‘बिव्हेरिया बॅसियाना’ बाजारात मिळते ती अशीच एक बुरशी. रेशमाच्या अळ्यांना चुन्यासारखे पांढरे करून मारणाऱ्या रोगाचे कारण सजीव असते, हे इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले. त्यांच्याच नावावरून तिला ‘बॅसियाना’ म्हणतात. अशा बुरशीने मेलेला किडा पक्षी सहसा का खाईल? तेव्हा एक्सकास्ट्राचे शुभ्र केस म्हणजे ‘मी आधीच मेलो आहे’ असे सांगणारा वेष असावा, अशी ही कल्पना. पहिल्या नजरेत ट्वीड यांना ती विष्ठा वाटली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. एका प्रशिक्षित कीटक-अभ्यासकाची नजर जर क्षणभर फसली, तर भुकेल्या पक्ष्याची फसगत होणे अशक्य नाही.

पण विचित्र दिसणे आणि नवीन असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ट्वीड यांनी ब्रिस्बेनला परतल्यावर पुस्तके चाळली, शोधनिबंध पाहिले, छायाचित्रे इतरांना दाखविली. कोठेही जुळणी सापडेना. पुढे नमुना कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहाच्या तज्ज्ञांपुढे आला. या संग्रहात १ कोटी २० लाखांहून अधिक नमुने टाचण्यांवर टोचून, चिठ्ठ्या लावून ठेवलेले आहेत. तेथील श्लिपिन्स्की हे ऑस्ट्रेलियातील भुंगेऱ्यांचे जाणकार. केवळ ही जात नव्हे, तर ही प्रजातीच नवी आहे, असा निर्णय झाला. परिभाषेचा येथे थोडा खुलासा हवा. जाती म्हणजे व्यक्तिनाम, तर प्रजाती म्हणजे आडनाव, असे स्थूलमानाने समजावे. नवी जात सापडणे ही कीटकशास्त्रात नित्याची घटना. ज्ञात आडनावांपैकी एकही लागू पडू नये, हे मात्र विरळा.

ज्यांचा दिवस खातेदारांच्या सह्या पडताळण्यात जातो, त्यांना पुढची पद्धत फार ओळखीची वाटेल. बँकेत खाते उघडताना नमुना सही घेतली जाते. पुढे आयुष्यभर जो धनादेश येईल त्यावरील सही त्या एका नमुन्याशी ताडून पाहायची. सही खरी की खोटी याचा वाद झाला, तर अखेरचा शब्द त्या कार्डाचा. जीवशास्त्रातही प्रत्येक जातीचा असा एक नमुना असतो. त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम असे सांगतात की नव्या जातीचे नाव प्रसिद्ध करताना हा नमुना निश्चित केला पाहिजे. उद्या कोणाला शुभ्र केसांचा दुसरा भुंगेरा सापडला आणि ‘तो हाच का?’ असा प्रश्न आला, तर उत्तर पुस्तकात शोधायचे नाही. त्या टाचणीवरच्या शरीराशी डोळा, पाय आणि कवच ताडून द्यायचे. एक्सकास्ट्राचे वर्णन लोमान्ड्राच्या पानावरील त्या एकाच नमुन्यावर उभे आहे. म्हणूनच त्याच्या प्रत्येक अवयवाचे मोजमाप आणि वर्णन इतक्या काटेकोरपणे झाले. नमुना सहीचे कार्ड एकच असेल, तर ते जपून हाताळावे लागते.

नावही विचारपूर्वक दिले गेले. ‘एक्सकास्ट्रा’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘तळावरून आलेला’. जेथे तो सापडला त्या तंबूंच्या तळाची ही आठवण. ‘अल्बोपिलोसा’ म्हणजे पांढऱ्या केसांचा. आडनावात गाव आणि व्यक्तिनावात रूप. ‘-कर’ लावून गावाचे आडनाव करणाऱ्या समाजाला ही पद्धत नवी नाही. उलट जगभरचे वर्गीकरणकार कित्येकदा राजे, नट किंवा देणगीदार यांची नावे किड्यांना देतात; त्यापेक्षा हे नाव कितीतरी अधिक नम्र आणि उपयोगी आहे.

या तळाच्या इतिहासाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बिन्ना बर्रा हे विश्रामस्थान १९३३ पासूनचे. ८ सप्टेंबर २०१९ रोजी पसरलेल्या वणव्यात तेथील जुने लाकडी वसतिगृह भस्मसात झाले. ओलसर वर्षावन सहसा पेटत नाही, असे मानले जाई. त्या वर्षीच्या कोरड्या हवामानात त्याच्या कडाही होरपळल्या. ट्वीड यांची सकाळ त्यानंतर सव्वादोन वर्षांनी उगवली. लांबशिंगी भुंगेऱ्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, झाडाच्या पोटात जाते. त्या अळीला डोळ्यांत भरणारे असे काही नसते : पाय नसल्यासारखेच, अंग मऊ, पांढुरके, केवळ जबडे पोलादी. ती लाकूड कोरीत पुढे सरकते, मागे भुसा सोडते आणि महिनोन्‌महिने, कधी काही वर्षेही, अंधारातच राहते. मग कोश आणि मग आपण पाहिलेला तो शृंगारलेला भुंगेरा, जो बहुधा काही आठवडेच जगतो. याचा अर्थ असा की ज्या झाडात वा वेलीत अळी वाढते ते झाड जळाले, तर भुंगेरा नजरेला पडण्याआधीच त्याचा वंश संपू शकतो. जगात कीटकांच्या सुमारे ५५ लाख जाती असाव्यात आणि त्यांपैकी जेमतेम एक-पंचमांशांना नाव मिळाले आहे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी किती जाती नावाआधीच नष्ट होत असतील, याचा हिशेब ठेवणारी वही कोठेच नाही. एक्सकास्ट्रा निदान वहीत आला.

त्याचे शरीर आता सविस्तर लिहून झाले आहे. आयुष्य मात्र कोरे आहे. लोमान्ड्रावर तो बसलेला होता, याचा अर्थ तो लोमान्ड्रावर जगतो असा होत नाही. रेल्वेच्या फलाटावर दिसलेला मनुष्य फलाटावर राहतो, असे आपण म्हणत नाही. त्याची अळी कोणत्या वनस्पतीत वाढते, हे ठाऊक नाही. अशा प्रश्नांसाठी कीटक-अभ्यासकांची एक जुनी, चिकाटीची रीत आहे. अरण्यात पडलेल्या वाळक्या फांद्या, वेलींचे तुकडे आणि कुजकी खोडे गोळा करायची, प्रत्येक झाडाचे लाकूड वेगळ्या पेटीत बंद करायचे, पेटीवर झाडाचे नाव आणि तारीख घालायची आणि आतून कोण बाहेर पडते याची वाट पाहायची. काही पेट्यांतून नुसता भुसा निघतो. काहींतून महिन्याभरात एखादा साधा तपकिरी भुंगेरा निघतो. काही पेट्या दोन-दोन हंगाम तशाच ठेवाव्या लागतात.